चुंबळीवरचा कॅमेरा

१८ नोव्हेंबर, मंगळवार

उन्मेष, गुडघा कसा आहे तुझा? जिना उतरताना कठड्याला धरतोस, ते मला गॅलरीतून दिसतं. विनीता, डोकं दुखायचं थांबलं का, की अजून गोळ्यांवरच ढकलते आहेस? यामिनी, डाव्या कुशीवर झोपता येतं का आता? खांदा ठणकत नाही ना? तुळशीबाई, तुमची पानं का पिवळी पडली? मी बरी आहे. बी.पी. जागेवर, पोट साफ.

हे सगळं वहीत विचारते आहे, कारण सकाळी सात ते साडेआठ या वेळात इथे बंगालात आमच्या बेहालाच्या घरातून तीन माणसं गोफणीतून सुटल्यासारखी बाहेर पडतात. मुलगा उन्मेष सॉल्ट लेकला सरकारी कंपनीत, सून विनीता बँकेत, नात यामिनी सेक्टर फाइव्हमध्ये कॉम्प्युटरच्या ऑफिसात. संध्याकाळी परततात तेव्हा कोणाला काही विचारावं अशी त्यांची तोंडं नसतात. म्हणून उन्मेषच्या ऑफिसची एक कोरी डायरी मागून घेतली.

मी चौथी शिकलेली. बाकीचं सगळं हे आणायचे त्या वर्तमानपत्रांतून आणि वस्तू उघडून बघण्यातून शिकले. शिलाईचं मशीन, मिक्सर, रेडिओ, काहीही बिघडलं की आधी मी उघडायची. हे म्हणायचे, "प्रेमा, एक दिवस मलाही उघडून बघशील."

आज यामिनीने माझ्या तळहातावर काडेपेटीएवढा कॅमेरा ठेवला. म्हणाली, "आजी, हा मोटरसायकलवर असा बसवायचा की चित्र हलता कामा नये. तुझं डोकं चालव."

झालंय असं. दर रविवारी ती लाल मातीच्या मुलखात, लढाईच्या वेळच्या एका जुन्या धावपट्टीवर शर्यतीची मोटरसायकल चालवते. तपन तिला शिकवतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्याचं मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान आहे. जुलैत तिथल्या डाव्या वळणावर ती पडली आणि गळ्याजवळचं हाड मोडलं. तेव्हापासून उन्मेष त्या गाडीचं नाव काढत नाही. दिवाळीत जेवताना फक्त एवढंच बोलला, "दक्षिणेतली ती शर्यतीची शाळा घेणार असेल तर जा. एकतीस डिसेंबरपर्यंत त्यांना काय ते पाठव. नाही घेतलं तर गाडी विकायची, आणि हा विषय या घरात पुन्हा नको." यामिनीने मान हलवली. ती मान मला आवडली नाही.

शाळेची अट अशी आहे की गाडीवर बसवलेल्या कॅमेऱ्यातून सलग पाच फेऱ्यांचं चित्रण पाठवायचं, कुठेही न कापता, आणि त्यात समोरचा रस्ता, हँडल आणि दोन्ही हात दिसले पाहिजेत.

२३ नोव्हेंबर, रविवार

पहाटे पाचला खाली जाऊन गाडीला ओवाळलं. टाकीवर कुंकवाचं बोट, हँडलच्या बरोबर मध्यावर हळदीचं बोट. वाहन घराबाहेर काढताना आमच्याकडे असं करतातच. विनीता जिन्यातून म्हणाली, "आई, ती शर्यतीला चालली आहे, सासरी नाही." मी म्हटलं, "सासरी जाताना तरी कोण एवढं चामडं चढवतं अंगावर?"

कॅमेरा टाकीच्या मागच्या भागावर चिकटपट्टीने लावला होता. संध्याकाळी चित्रण बघितलं. रस्ता, आकाश, हँडल, सगळं भिजवलेल्या साबुदाण्यासारखं लिबलिबत होतं. माझं कुंकू आणि हळद दोन्ही ठिपके नाचत होते. मला तर हसूच आलं.

यामिनी हसली नाही. "चित्र जाऊ दे, आजी," म्हणाली, "डाव्या वळणाशी आले की माझे हातच थरथरतात. हँडल हातात कापायला लागतं आणि मी वेग सोडून देते. तपनदा म्हणतो, पडल्यामुळे भीती बसली आहे, जाईल हळूहळू. मला वाटतं ती जाणार नाही."

तेवीस वर्षांच्या पोरीच्या तोंडून हे ऐकलं आणि मी तिच्या खांद्याला तेल चोळायला घेतलं. उन्मेष घरात नव्हता. रविवारचंही ऑफिस असतं हल्ली त्याला.

३० नोव्हेंबर, रविवार

तपनने हावड्याच्या एका लेथवाल्याकडून लोखंडी पकड करून आणली. चार बोल्ट. हत्ती लोंबकळला तरी हलणार नाही अशी. आणि चित्र आधीपेक्षा वाईट. जितकं घट्ट आवळावं तितकं जास्त थरथरतं. तपन मला मावशी मानून माशिमा म्हणतो. म्हणाला, "माशिमा, इंजिनाची सगळी थरथर सरळ कॅमेऱ्यात शिरते." मग मी अंघोळीचा स्पंज खाली घालून गल्लीत चालवून बघायला सांगितलं. तेव्हा कॅमेरा कीर्तनाला बसलेल्या म्हाताऱ्यासारखा मान डोलवायला लागला.

यामिनीने आज तिसऱ्या फेरीनंतर गाडी थांबवली म्हणे. तपन सांगत होता. रात्री तिने भात अर्धा टाकला.

उन्मेष आज बूट गॅलरीत ठेवून आत आला. बुटांचे तळवे लालभडक. "कुठे गेला होतास?" म्हटलं तर म्हणाला, "साइटवर." सॉल्ट लेकला लाल मातीची साइट कुठून आली, विचारायला हवं होतं. पण तो हात मागे बांधून खिडकीशी जाऊन उभा राहिला. त्याचे वडीलही असेच उभे राहायचे. तसा उभा राहिला की त्याच्याशी बोलता येत नाही.

३ डिसेंबर, बुधवार

सापडलं.

सकाळी बाजारात गेले होते. मासळीच्या गाडीवरून एक हमाल बर्फाची टोपली डोक्यावर घेऊन निघाला. गल्ली खणून ठेवलेली, पायाखाली विटांचे तुकडे, चिखल. तो जवळजवळ धावत होता. कमरेपासून खाली सगळा माणूस हिंदकळत होता आणि टोपली मात्र शांत, जशी काही दोरीवरून सरकत असावी. टोपलीच्या खाली गमछा पिळून केलेलं वेटोळं. इथे त्याला काय म्हणतात ठाऊक नाही. आमच्याकडे त्याला चुंबळ म्हणतात.

मी भाजी न घेताच घरी आले. लहानपणी तासगावकडे विहिरीवरून दोन हंडे आणायची मी. आई सांगायची, चुंबळ मऊ झाली तर हंडा झुलतो, कडक झाली तर पाणी सांडतं, दोन्हीच्या मधली पाहिजे. ही मधली कशी असते ते सांगता येत नाही, ते डोक्यालाच कळतं. माझ्या डोक्याला साठ वर्षांनंतरही आठवतंय का, तेवढंच बघायचं होतं.

जुन्या इरकलीची चिंधी. आधी सैल पीळ, त्यावर घट्ट, त्यावर पुन्हा सैल. पाच चुंबळी केल्या. एकेक डोक्यावर ठेवली, वर पाण्याचा तांब्या, आणि घरभर चालले. घरात कोणी नव्हतं ते बरं. चौथी बरोबर जमली.

तपनच्या पकडीच्या दोन पत्र्यांच्या मध्ये ती बसवली आणि मासे पकडायच्या दोरीने आडवीतिडवी शिवली. आणि कॅमेरा सुटलाच तर पडू नये म्हणून परकराच्या नाडीने गाडीला बांधला. तपनला सांगितलं, ही सुती दोरी आहे.

७ डिसेंबर, रविवार

आज बघितलं ते नीट लिहिता येईल की नाही, कोण जाणे.

दुपारी चार वाजता यामिनीने टीव्हीला जोडून दिलं आणि अंघोळीला गेली. मी एकटी. टाकी स्थिर, कुंकवाचा ठिपका देवघरातल्यासारखा जागच्या जागी. आणि त्याच्यापुढे सगळी पृथ्वी सुटलेली.

मला वाटलं होतं वेग म्हणजे घाई. तसं नाही. पहिल्या वळणाशी गाडी आडवी झाली आणि जमीन उठून उभी राहिली. खजुराची झाडं आडवी पडली, आकाश एका बाजूला कलंडलं, जसं कोणी परातीतलं पाणी एका काठाला आणतं. आणि त्या कलंडलेल्या जगात आमची यामिनी सरळ. तिची बोटं हँडलवर अशी, जशी पेटीवर ठेवतात. मग गाडी उठली आणि झाडं उभी राहिली, जमीन पुन्हा खाली जाऊन पसरली. जणू तिच्या सांगण्यावरून.

बाहत्तर वर्षं मी या जमिनीवर चालते आहे. ती अशी वाकते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी हात जोडले कधी, मलाच कळलं नाही. ती बाहेर आली तेव्हा मी रडत होते. म्हणाली, "आजी, काय झालं?" मी म्हटलं, "तू हे सगळं दर रविवारी बघतेस आणि घरी येऊन वरणभात मागतेस?"

ती हसली. महिन्याभरात पहिल्यांदा. मग पडद्यावर डावं वळण आलं, गाडी मंदावली, आणि तिने टीव्ही बंद केला.

९ डिसेंबर, मंगळवार

माझ्या हातून एक चूक झाली आहे आणि ती कोणाला सांगावी कळत नाही.

घरी कोणी नसताना चित्रण पुन्हा लावलं. हळूहळू चालवायचं बटण सापडलंय मला. पाचही फेऱ्या बघितल्या. कुंकू कुठेही हलत नाही. पण हँडलवरची माझी हळद डाव्या वळणाशी आली की हलते. बारीक, डासाच्या पंखासारखी. बाकी सगळीकडे गप्प, फक्त तिथेच. म्हणजे मी हळद ओली ठेवली. घाईत पाणी जास्त झालं. शाळेची माणसं बघतील तेव्हा म्हणतील, हा काय पिवळा शेंबूड हलतोय.

आणखी एक लक्षात आलं. आधी हळद हलते. मग यामिनीची मूठ आवळते. मग वेग सुटतो. दर वेळी याच क्रमाने. पोरीला बिचारीला माझी हलती हळद दिसत असेल आणि तिचं मन विचलित होत असेल. पुढच्या रविवारी घट्ट कालवून लावायची.

१४ डिसेंबर, रविवार

आज मी स्वतः गेले. हळद ऐन वेळी तिथेच माझ्या हाताने लावायची होती म्हणून.

गंमत म्हणजे आज उन्मेषला ऑफिस नव्हतं. मी निघाले तर दारात येऊन म्हणाला, "तू कशाला तिथे? वारं असतं." "तुला काय माहीत तिथे वारं असतं ते?" म्हटलं तर म्हणाला, "मोकळ्या जागेत असतंच." दिवसभरात तीनदा फोन केला. गोळी घेतलीस का, पाणी प्यालीस का, ती कशी आहे. "कोण ती?" विचारलं तर म्हणाला, "तुझी कंबर."

जाऊ दे. छोट्या हत्ती टेम्पोत चालवायला तपन, मध्ये मी, खिडकीशी यामिनी, मागे दोरीने बांधलेली गाडी. अडीच तासांनी पोहोचलो. दूरवर नुसती पट्टी, गवत, लाल माती. गाडी सुरू झाली तेव्हा आवाज कानांनी नाही, बरगड्यांनी ऐकला. यामिनी समोरून गेली आणि वारा नंतर आला. आधी माणूस आणि मागून वारा, हे मी पहिल्यांदा बघितलं.

हळद लिंपणासारखी घट्ट लावली होती, वर चिमूटभर चुनाही घातला होता. पाच फेऱ्यांनंतर तपनच्या लॅपटॉपवर बघितलं. डाव्या वळणात हळद हललीच.

मला रडू यायचं बाकी राहिलं. यामिनी हेल्मेट मांडीवर घेऊन दूर टायरांच्या ढिगावर बसली होती. मी तपनला बाजूला घेतलं. म्हटलं, "बाबा, चूक माझी आहे. तिला काही बोलू नकोस. हळद मला नीट बसवता येत नाही. कुंकू कसं गप्प बसलंय बघ, ही मेली सारखी हलते. ती हलली की पोरगी घाबरून मूठ आवळते."

तपन म्हणाला, "कोनटा आगे, माशिमा? आधी काय होतं?"

"आधी हळद. मग मूठ. बघ की."

त्याने बघितलं. पुन्हा मागे नेऊन बघितलं. तिसऱ्यांदा बघताना त्याचा हात तोंडावर गेला. उठला, गाडीचं पुढचं चाक वर उचलून विटांवर टेकवलं, खाली बसून चाकाचे दोन्ही दांडे धरले आणि पुढे-मागे ओढले.

टक.

एवढासा आवाज. सुपारी फोडल्यासारखा. पुन्हा ओढलं, पुन्हा टक. तो तसाच लाल मातीत बसून राहिला.

हँडल ज्या गोळ्यांवर फिरतं त्याला ही माणसं कोनसेट म्हणतात. जुलैत पडल्यावर तपनने तपासलं तेव्हा ठीक होता. पण आतून खचला होता, तो नंतर सैल झाला. सरळ रस्त्यावर कळत नाही. डाव्या वळणात, त्या एका वेगाला, हँडल आपणहून कापायला लागतं. यामिनीच्या हातात नुसतं ते कापरं यायचं.

तपन उठून तिच्याकडे गेला. मी मागून गेले. तो तिला बंगालीत म्हणाला, आणि ते मला अजून ऐकू येतंय, "भॉय तोर छिलो ना रे, गाडीर छिलो." म्हणजे भीती तुझी नव्हती, गाडीची होती. मग म्हणाला, "मी तुझा मास्तर, मी तुला भित्री म्हणत होतो आणि चूक माझ्या हाताखाली होती."

यामिनी किती तरी वेळ आपल्या हातांकडे बघत होती. दोन्ही बाजूंनी. जसे आत्ताच कोणी तिला आणून दिले असावेत.

मला मात्र अजून नीट उमगलेलं नाही की यात माझ्या हळदीची चूक होती की नव्हती. तपनने माझ्या पायांना हात लावला, त्याअर्थी नसावी.

२१ डिसेंबर, रविवार

नवा कोनसेट बसवला. आज गाडी बाहेर काढली नाही, यामिनीला ताप आहे. दहा दिवस उरले आहेत आणि ही अंथरुणात. लिंबाचा रस, मऊ भात. उन्मेषने तिच्या खोलीच्या दाराशी दोनदा जाऊन तापमान विचारलं. आत गेला नाही.

२८ डिसेंबर, रविवार

माझी कंबर धरली म्हणून गेले नाही. उन्मेषला पुन्हा ऑफिस. पहाटे मीच ओवाळलं. कुंकू टाकीवर, हळद हँडलवर, चौथी चुंबळ जागेवर, नाडी बांधलेली. यामिनी वाकली तेव्हा मी काही आशीर्वाद दिला नाही. नुसतं म्हटलं, "ये जाऊन."

संध्याकाळी सगळं बघितलं. विनीताही बसली, हातात मटार सोलायला घेऊन. पहिलं वळण, दुसरं. जमीन उठली, बसली. डावं वळण आलं आणि विनीताचे हात थांबले.

हळद गप्प. कुंकू गप्प. बोटं पेटीवर ठेवल्यासारखी. जग डावीकडे इतकं कलंडलं की मला वाटलं आता मटारांचं ताट घरंगळणार. गवत कानाजवळून सळसळत गेलं, उन्हात डांबर चांदीसारखं चमकलं, आणि वळणाच्या मध्यावर तिने वेग वाढवला. सोडला नाही, वाढवला. पाचही वेळा. विनीता शेवटी एवढंच म्हणाली, "आई, ही माझी मुलगी आहे?" आणि मटाराचं साल तोंडात घातलं.

त्या वळणाबाहेर टायरांच्या ढिगाजवळ माकडटोपी घातलेला एक माणूस दर फेरीला दिसतो. बंगाली माणसाला थंडी फार. हात मागे बांधून उभा असतो. कोण रिकामटेकडा आहे कोण जाणे, रविवारी घरच्यांना सोडून.

रात्री जेवायच्या आधी तिने ते शाळेला पाठवून दिलं.

९ जानेवारी, शुक्रवार

घेतलं. तिला घेतलं. सहा महिने दक्षिणेत, सोमवारी निघायचं. ऑफिसने रजा दिली.

उन्मेषला मीच सांगितलं. त्याने चहाचा कप खाली ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. म्हणाला, "त्या डाव्या वळणावर डांबर उन्हात फार चमकतं. तिथेही तसं काही असेल तर दुपारी जपून, म्हणावं." "तूच सांग," म्हटलं. "तू सांग," म्हणाला.

विनीताने सांगितलं असेल त्याला चमकण्याचं.

१८ जानेवारी, रविवार

यामिनीला पाठवलेल्या पत्राची नक्कल इथे ठेवते आहे. टाकताना भाबड्या म्हातारीसारखं काही लिहून बसले असेन तर पुढे वाचून कळेल.

"चि. यामिनीस,

पोहोचलीस हे फोनवर कळलं. पण फोनवर तू 'बरं आहे, आजी' एवढंच म्हणतेस, त्याने माझं पोट भरत नाही, म्हणून हे पत्र. सोबत तीळगूळ आहे, तुझ्या मास्तरांनाही दे. दोन चुंबळी शिवून घातल्या आहेत, एक मळली की दुसरी. पाण्यात भिजू देऊ नकोस, कडक होतात.

इथे घर फार मोठं झालंय. आज रविवार. उन्मेष सकाळी उठला, बूट घातले, मग तसाच गॅलरीत बसून राहिला. 'ऑफिस नाही का?' म्हटलं, तर म्हणाला, 'आता रविवारी नसतं.' मी त्याचे बूट घासायला घेतले. तळव्याची लाल माती काही केल्या निघत नाही. तपन मागे सांगत होता, धावपट्टीवरची माती अशीच असते, एकदा शिवणीत गेली की गेली.

मग मी तुझं चित्रण पुन्हा लावलं. हळू चालवायचं बटण दाबलं. तुला आठवतं का, डाव्या वळणाबाहेर टायरांपाशी माकडटोपीवाला एक माणूस आहे? पहिल्या चार फेऱ्यांत तो नुसता उभा आहे, हात मागे. पाचव्या फेरीत तू वेग वाढवतेस, आणि चित्राच्या अगदी काठाला, झाडाआड जायच्या आधी, त्याचे हात सुटतात आणि तो टोपी काढतो. क्षणभरच. मी चाळीसेक वेळा बघितलं. माझे डोळे आता पूर्वीसारखे नाहीत, आणि मी माझ्या हळदीबद्दलही चुकले होते, म्हणून माझ्या बघण्यावर मला भरवसा नाही. इथे कोणाला विचारवत नाही. तो अजून गॅलरीत बसला आहे, उजवा गुडघा चोळत.

तू नीट बघ. तिथले टीव्ही मोठे असतील. कोण आहे ते मला लिही, आणि दुसरा एक कागद त्या माणसालाही लिही. मराठी चुकलं तरी चालेल, मी कुठे शिकले आहे. फक्त लवकर लिही. एक माणूस रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी पत्रांची पेटी उघडून बघतो, आणि ते मला दिसतं हे मी त्याला कळू देत नाही.

तुझी आजी"